दुपारचा पहारा

“रातचा पहारा योगीराजचा. मी धरूनच चाललो बगा, वहिनी,” किशनराव ओट्यावर टेकता टेकता म्हणाले, आणि सुमनबाईंच्या तोंडून “बरं की” निघून गेलं.

निघून गेलं म्हणजे अगदी निघूनच गेलं. मांडीवर परात, परातीत शाळेच्या खिचडीची डाळ, नजर खड्यांवर. अशा वेळी माणूस समोरच्याच्या बोलण्याला हूं-हूं करत राहतो, तसंच ते झालं. शिवाय किशनराव म्हणजे सप्ताहाच्या कमिटीचे अध्यक्ष. मारुतीच्या देवळापासून सोसायटीपर्यंत लिंबेवाडीतल्या प्रत्येक गोष्टीत त्यांचं बोट असायचं, आणि खरं सांगायचं तर ते बोट नसतं तर गावात एकही काम वेळेवर झालं नसतं. असा माणूस आपल्या दारात येऊन आपल्या पोराचं नाव घेतो, हे सुमनबाईंना नको कसं वाटेल?

“गावात पोरं हायतच कुठं?” किशनरावांचं चालू होतं. “निम्मी पुन्याला, निम्मी मोबाइलात. मध्यानरात झाली की वीणेकरी डुलायलाय अन् टाळकरी घोरायलाय. मागल्या साली तुमच्या योगीनं गावाची इज्जत राखली. तीन राती उभा पोरगा! आमी तवाच म्हनलो, नावाला जागला.”

“व्हय,” सुमनबाई म्हणाल्या.

“तब्येत बरी हाय न्हवं आता त्याची?”

“बरी हाय की.”

किशनराव चहा पिऊन गेले. सुमनबाई परात बाजूला ठेवून आत आल्या. योगीराज खाटेवर उताणा पडून पत्र्याकडे बघत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, पण खाटेवर पडलेलं पाहिलं की बाप परत येऊन निजलाय असं वाटायचं. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“योगी, किशनभावजी आले हुते.”

“ऐकलं.”

“मी बरं म्हनले रे.”

“बरं,” योगीराज म्हणाला.

तो चिडला असता, भांडला असता, निदान कूस तरी बदलली असती तर सुमनबाईंना बरं वाटलं असतं. पण दवाखान्यातून आल्यापासून त्याचं सगळं असंच होतं. भाकरी वाढली तर बरं, भाकरी नाही म्हटलं तरी बरं. आमटीत मीठ विसरलं तरी खाऊन उठायचा. एकदा सुमनबाईंनी मुद्दाम विचारलं, कशी झाली भाजी? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “माय, मला काहीच वाटत न्हाई.” भाजीबद्दल म्हणाला की एकूणच, ते त्यांनी विचारलं नाही.

लिंबेवाडीचा सप्ताह हनुमान जयंतीच्या आधी बसतो. पहिल्या दिवशी देवळात वीणा उभी राहते, ती काल्याच्या कीर्तनापर्यंत खाली टेकायची नाही आणि नाम थांबवायचं नाही. एकानं गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. प्रत्येकाचा पहारा ठरलेला. बदली आला नाही, तर आधीच्यानं जागचं हलायचं नाही, मग त्याला भूक लागो की आणखी काही. दिवसाचे पहारे कसेही भागतात. खरी पंचाईत रात्रीची.

मागल्या वर्षी योगीराज चाकणच्या कंपनीतून सुटीवर आला तो थेट देवळात जाऊन उभा राहिला. हाच पोरगा पूर्वी कीर्तनाला बसवला तर पखवाजाच्या आवाजातसुद्धा झोपायचा. आता मात्र रात्र रात्र वीणा घेऊन ताठ. ना जांभई, ना पेंग. डोळे लखलखीत. जबडा सारखा हलायचा, तर बाया म्हणायच्या, बघा, दोन नामांच्या मधीबी त्याचं नाम चालूच हाय. दिवसासुद्धा तो झोपत नव्हता. देवळाचा बिघडलेला भोंगा त्यानं सुटा सुटा केला, सगळे स्क्रू रांगेत मांडले, पुन्हा जोडला आणि पुन्हा सुटा केला. लोकांना त्यातही सेवाच दिसली.

रोज दिवेलागणीला तो आईला म्हणायचा, “माय, माझ्या बॅगंतली पुडी आन.” सुमनबाई पुडी आणि दुधाचा पेला घेऊन देवळात जायच्या. हातपाय धुऊन येतो म्हणून तो पुडी घेऊन देवळामागं जायचा. पेला तसाच परत यायचा. पुडी प्लास्टिकची होती आणि तिच्यात पांढरे, काचेसारखे बारीक खडे होते. सुमनबाईंनी ते एकदा दिव्यापाशी धरून बघितले आणि त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला. पोरगा जेवत नाही, दूध घेत नाही, म्हणजे खडीसाखरेवर अनुष्ठान धरलंय! ही गोष्ट पोटात ठेवायची तर पोट फुटलं असतं. त्यांनी पाणवठ्यावर सांगितली, पंगतीत सांगितली. शेजारच्या मनकर्णाबाईंनी तर उरलेला सप्ताह खडीसाखरेवर काढला आणि काल्याच्या दिवशी चक्कर येऊन पडल्या.

काला झाल्यावर योगीराजला फेटा बांधला. फेट्यातल्या फोटोचा फ्लेक्स एसटी थांब्यावर लागला. पोरगा घरी येऊन निजला तो दोन दिवस उठला नाही. भेटायला येणाऱ्यांना सुमनबाई दारातच थांबवत आणि हळू आवाजात सांगत, “समाधी लागलीय त्याला.”

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात कंपनीनं काढून टाकलं. घरी आला तेव्हा गालफडं बसलेली, हातावर खाजवून खाजवून केलेल्या जखमा. पत्र्यावर माणसं चालतात म्हणून रात्री दगड घेऊन अंगणात उभा राहायचा. त्या माणसांत आपली बायको राजेश्रीही सामील आहे, असं त्यानं ठरवलं आणि एके दिवशी दाराची फळी फोडून तिच्यावर धावला. राजेश्री लेकीला उचलून चारठाण्याला माहेरी गेली. गाव म्हणालं, नेम मोडला असंल काहीतरी, देवाचं सोपं नसतं. सुमनबाईंनी त्याला शनिवारी शनिवारी पोखर्णीच्या नरसिंहाला नेलं. तो मुकाट्यानं यायचा आणि गाभाऱ्यासमोर उभा राहून दात खायचा.

शेवटी राजेश्रीनंच माहेराहून फोन केला. “आत्याबाई, त्यांच्या बॅगंत काचंची नळी घावली हुती मला. हे देवाचं न्हाई, नशेचं हाय. त्यास्नी परभनीला न्या. न्ह्याल तर मी परत यायचा इचार करीन.”

परभणीच्या दवाखान्यात मनिषा मॅडम समुपदेशनाला होत्या. चष्मा, खांद्याला पिशवी, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. त्यांनी सुमनबाईंना विचारलं, “मावशी, हा काय घ्यायचा ते कधी बघितलं होतं का? दिसायला कसं होतं?”

“खडीसाखरंवानी,” सुमनबाई म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या.

“मेथ,” मॅडम म्हणाल्या. “पोरं क्रिस्टल म्हणतात. दुहेरी पाळी मारायला म्हणून सुरू करतात. झोप जाते, भूक जाते, मग दात जातात, मग डोकं.”

दात काढायला सुई टोचली की गाल आपला वाटत नाही. त्या दिवसापासून सुमनबाईंचं तसं झालं होतं, फक्त गालाऐवजी सगळ्याच अंगाचं. खिचडी शिजवायच्या, पोरांना वाढायच्या, भांडी घासायच्या. रडू येत नव्हतं. दिवाळीत योगीराज एकदा पुन्हा घसरला, पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हाही आलं नाही. दवाखान्यातल्यांनी त्याचे सडलेले दात काढले. मॅडम त्याला रागावल्या नाहीत. “परत आलास ना? मग झालं,” एवढंच म्हणाल्या. सुमनबाईंना वाटलं होतं की कुणीतरी रागवायला हवं, त्याला नाही तर आपल्याला.

दुपारी सुमनबाईंचं खिचडीचं काम उरकलं की राजेश्री फोन करायची. आधी विचारायची, “झोपतेत का ते?” मग, “जेवले का?” आपलं बरंवाईट नंतर. ती कधी येणार हे सुमनबाई विचारत नसत आणि ती सांगत नसे.

किशनराव येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुमनबाई शाळेतून घरी आल्या तर योगीराज शेळ्यांना सावली करत होता. मेढींवर त्यानं मागल्या वर्षीचा फ्लेक्स ताणून बांधला होता. सुमनबाईंनी तो गुंडाळून, जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवला होता. फेट्यातला योगीराज आता आभाळाकडे तोंड करून उन्हात तापत होता आणि लोंबता कोपरा करडू चघळत होतं.

“आरं, तो कशाला काढला?”

“चांगला जाड हाय,” योगीराज म्हणाला. “ऊन लागत न्हाई खाली.”

सुमनबाईंनी करडाच्या तोंडातून कोपरा ओढून घेतला. ओला झाला होता. थोडा वेळ तो हातात धरून त्या उभ्या राहिल्या आणि मग सोडून दिला.

ठरलेल्या दिवशी दोघं एसटीनं परभणीला गेले. मनिषा मॅडमनी झोप विचारली, जेवण विचारलं, काम काय करतोस विचारलं. तो कांदे चिरून देतो, शेळ्या बघतो, संध्याकाळी नदीकडे चालायला जातो. मॅडम खूश झाल्या. मग सुमनबाईंनी सप्ताहाचं काढलं. पोराला पुन्हा मान मिळालाय, असं म्हणायला त्यांची जीभ वळवळत होती, पण बाहेर पडलं ते असं, “रातचा पहारा घेऊ द्यावा का त्याला? तो बरं म्हनलाय.”

“नाही मावशी,” मॅडम लगेच म्हणाल्या. “अजिबात नाही. त्याची झोप आत्ता कुठं जागेवर यायला लागलीय. एक गोळी दिली की सुटलं, असं औषध या व्यसनाला नाही. झोप, जेवण, काम, माणसांत बसणं, आणि घसरला तर लपवून न ठेवता इथं येणं. हेच औषध. रात्र जागला की शरीर ती वस्तू मागतं. त्यात तुमचं देऊळ तेच, वेळ तीच, हातात वीणा तीच.” मग त्या योगीराजकडे वळल्या. “तुला काय वाटतं?”

“काहीच वाटत न्हाई, मॅडम.”

“वाटेल. वेळ लागतो. पण वीणा हातात घेऊन रात्री उभा राहिलास तर?”

योगीराज हाताच्या वाळलेल्या खपल्यांकडे बघत राहिला. “पैल्या राती कदाचित निभंल. दुसऱ्या राती मी कुनालातरी फोन लावीन. माझ्याजवळ लंबर न्हाई आता, पन पाठ हाय.”

“मग घरी ‘बरं’ का म्हणालास?”

“माय म्हनली म्हनून.”

हे त्यानं काही तक्रार म्हणून सांगितलं नाही. नळाला पाणी आलं का, तर आलं, अशा आवाजात सांगितलं. सुमनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. दुधाच्या पेल्याबरोबर पुडी न्यायच्या तेव्हाही तो “आन” म्हणाला होता आणि त्या “बरं” म्हणाल्या होत्या. या घरात दोन्ही बाजूंनी एकमेकांचं फारच ऐकलं जात होतं.

एसटीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला. तोंड उघडं पडलं आणि पुढच्या दातांच्या जागची खिंडारं दिसायला लागली. सुमनबाईंनी सवयीनं त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक ओढून तोंडावर टाकलं. शेजारच्या सीटवरची बाई बघत होती.

उतरल्यावर त्या घरी न जाता देवळात गेल्या. मांडवाचं काम चाललं होतं. किशनराव खुर्चीवर उभे राहून स्वतः झालर बांधत होते, कारण दुसऱ्यानं बांधलेली त्यांना वाकडीच दिसायची. खाली दोन माणसं दोर धरून होती.

“भावजी, योगीचं रातचं रद्द करा.”

“आँ? कामून?”

“त्याला जागवायचं न्हाई. दवाखान्याचं सांगनं हाय.”

“अवो, ताप-बीप असंल, उतरंल तवर. असा जागनारा मानूस खामखा घरी बसवायचा व्हय?”

“ताप न्हाई.” सुमनबाईंनी दोर धरलेल्या माणसांकडे बघितलं. ती गेली असती तर बरं झालं असतं, पण ती दोर सोडून जाणार कशी? “नशेचा दवाखाना हाय तो, भावजी. मागल्या साली तो जागला, त्येबी नशेतच.”

किशनराव खुर्चीवरून हळूहळू उतरले. झालर एका बाजूनं सुटून खाली आली. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. लग्नात जेवताना ताटात काहीतरी दिसावं आणि ते यजमानाला सांगावं की नाही हे कळू नये, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

“वहिनी,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “हे भायेर काढू नका. तुमच्या पोराचं सोडा, सप्ताहाचं नाव हाय. त्याच्या पाया पडल्यात आपल्या लेकीबाळी.”

“म्हनूनच सांगायले.”

“मग वीणा न्हाई देता येनार त्याला. रातचीबी न्हाई अन् दिवसाचीबी न्हाई. लोकं काय म्हनतील?” आणि मग, माणूस मुळात वाईट नसल्यामुळे, “पंगतीच्या कामाला येऊ द्या. कांदे-बिंदे चिरंल. चा घेता का?”

सुमनबाईंनी चहा घेतला नाही. घरी जाताना त्यांना वाटलं होतं की आता काहीतरी फुटेल, निदान हातपाय तरी थरथरतील. काहीच झालं नाही. घरी जाऊन त्यांनी पीठ मळलं.

दोर धरणारी माणसं गावात दोन असली तरी पुरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या चुलीपाशी मनकर्णाबाई येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

“सुमन, मंग मी कशावर उपाशी ऱ्हायले गं तवा?”

“तू खडीसाखरंवरच ऱ्हायलीस, बाई.”

“अन् पोरगा?”

“त्याची खडीसाखर न्हवती.” सुमनबाईंनी डाव खाली ठेवला. “अन् ती मीच न्यायचे रोज. दुधासंगं. ह्या हातानं.”

मनकर्णाबाईंना तोंड आवरणं कधी जमलं नव्हतं. साऱ्या गावाची बातमी त्यांच्याकडून पुढं जायची. सुमनबाई वाट बघत राहिल्या. मनकर्णाबाईंनी कमरेवरचे हात काढले, खाली बसल्या, परात पुढं ओढली आणि तांदूळ निवडायला लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तुला तरी काय म्हाईत.” सुमनबाईंनी डाव पुन्हा उचलला.

सप्ताह बसला. योगीराज सकाळी देवळामागच्या मांडवात पंगतीचे कांदे चिरायचा, भोपळे फोडायचा, रात्री घरी येऊन झोपायचा. लोक त्याच्याशी बोलायचे ते कांद्यांपुरतं. मागल्या वर्षी पाया पडलेल्या बाया आता वाट बदलून जायच्या. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं आणि सुमनबाईंना बरेच दिवस कशाचंच काही वाटत नव्हतं. त्यामुळे मायलेकांचं चांगलं चाललं होतं.

सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी दुपारी देऊळ ओस पडलं. ऊन असं की सभामंडपाच्या फरशीबाहेर पाय ठेववत नव्हता. वीणा चंद्रभाननानांच्या गळ्यात होती. नाना सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यांत वात. त्यांचा बदली बाजाराला गेला होता आणि बाजाराला गेलेला माणूस बाजार उठल्याशिवाय येत नाही. जोडीचा टाळकरी जेवायला म्हणून गेला तो तिकडेच आडवा झाला असावा. नाना एकटेच मधल्या खांबाला पाठ लावून “राम कृष्ण हरी” म्हणत होते. भोंग्यातून त्यांचा घोगरा आवाज रिकाम्या गावावर पसरत होता. हळूहळू त्यांचे पाय लटपटायला लागले.

सुमनबाई आणि योगीराज पायरीशी बसून कांदे सोलत होते.

“योग्या,” नानांनी दोन नामांच्या मध्ये हाक मारली, “हरी... ये रे इकडं. धर.”

“मला न्हाई दिली, नाना. नको म्हनलेत.”

“त्यांनी न दिऊ दे, मी द्यायलोय. राम कृष्ण... तू काय केलास ते मारुतीराया बघून घेईल. मला आता मोरीकडं जायचंय.”

योगीराजनं आईकडे बघितलं. त्याच्या बघण्यात अजूनही काही नव्हतं, पण बघितलं. सुमनबाईंनी बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. भर दुपार होती, ढळढळीत उजेड. त्यांनी मान हलवली.

योगीराजनं हात धुतले. नानांच्या पाया पडला, नाना त्याच्या पाया पडले, कारण तशी रीत आहे, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. नाना भिंत धरत धरत बाहेर पळाले.

त्याचा आवाज सुटायला वेळ लागला. दात गेल्यानं “कृष्ण” म्हणताना हवा निसटत होती. सुमनबाई कांदा हातात धरून त्याच्या जबड्याकडे बघत होत्या. जबडा नामापुरता हलायचा आणि थांबायचा. डोळ्यांत ती लखलख नव्हती. साधे, दमलेले, पापण्या जड झालेले डोळे होते. नाना आले नाहीत. भिंतीच्या सावलीत बसले असतील. योगीराजची मान एकदा खाली गेली, त्यानं ती वर घेतली. पुन्हा गेली.

“माय,” तो म्हणाला, “राम कृष्ण हरी... माय, मला झोप यायली.”

वर्षभर या पोराची झोप हा घरातला मोठा प्रश्न होता. गोळ्यांनी आलेली झोप, न आलेली झोप, दोन दिवसांची ती मेल्यासारखी झोप. आज जेवण झाल्यावर कुठल्याही माणसाला दुपारी येते तशी झोप त्याला आली होती आणि तो ती सांगत होता. लपवत नव्हता, ताठ उभा राहत नव्हता. सुमनबाई उठल्या. बाईनं वीणा धरायची नाही असा नियम लिंबेवाडीत कुणी केला नव्हता. आजवर कुणी धरली नव्हती, इतकंच. त्यांनी कांद्याचे हात चोळून धुतले, पदर खोचला आणि मान पुढं केली.

योगीराज आईच्या पाया पडला. मग रीतीप्रमाणे सुमनबाई वाकल्या आणि पोराच्या पायांना हात लावला. वीणेचा पट्टा मानेत रुतला. वाटली होती त्याहून ती जड होती. अंगठ्यानं तार छेडायची हे बघून माहीत होतं. त्यांनी छेडली आणि नाम उचललं.

योगीराज खांबापाशी सतरंजीवर कलंडला आणि लगेच झोपला. थोड्या वेळानं त्याचं तोंड उघडं पडलं. खिंडारं दिसली. सुमनबाईंचा हात सवयीनं पदराकडे जायला निघाला, पण दोन्ही हातांत वीणा होती. मग त्यांनी ते तसंच राहू दिलं.

सप्ताहामुळं बाजारातून लवकर परतलेले किशनराव भोंग्यातून बाईचा आवाज ऐकून लगबगीनं आले. बाजाराची पिशवी हातातच होती. पायरीवर थांबले. वीणेकडे बघितलं, सुमनबाईंकडे बघितलं, सतरंजीवर सगळ्या देवळासमोर तोंड उघडं टाकून झोपलेल्या योगीराजकडे बघितलं. “हे काय चाललंय?” ते म्हणाले. “ये, ऊठ रे...”

सुमनबाईंना बोलता येत नव्हतं, नाम थांबवायचं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

किशनराव उभे राहिले. पिशवीतल्या मेथीची जुडी एका बाजूनं बाहेर लोंबत होती. तेवढ्यात कांद्यांच्या पोत्यावर ठेवलेला सुमनबाईंचा फोन वाजायला लागला. देवळात तो केवढा मोठा वाजला! योगीराज झोपेत हलला. किशनराव धावले, फोन उचलून कानाला लावला आणि तोंडावर हात धरून बोलायला लागले.

“हां, कोन? राजेश्री का? मी किशनराव, पोरी... न्हाई, आत्याबाई वीनंला हायत तुझ्या... व्हय, त्याच... योगी?” त्यांनी सतरंजीकडे बघितलं. “झोपलाय. न्हाई न्हाई, खराच झोपलाय. घोरायलाय.”

फोन ठेवून ते कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेले आणि भोंग्याचा आवाज कमी केला. अख्ख्या सप्ताहात तो आजवर कुणी कमी केला नव्हता. मग चपला काढायच्या राहिल्या होत्या त्या आठवून पायरीवर काढून आले, टाळ घेतले आणि खांबाला टेकून बसले. टाळ त्यांनी वाजवले नाहीत, नुसते मांडीवर धरले.

सुमनबाई हळू आवाजात नाम म्हणत राहिल्या. पट्ट्यानं मान दुखायला लागली होती, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना सपाटून भूक लागली होती. बाजार उठायला अजून वेळ होता आणि बदली येईपर्यंत हलायचं नव्हतं.